तळणीचे सूर्यग्रहण (१८९८) आणि दूरस्थ दीर्घिकांचे अतिनील छायाचित्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दूरस्थ दीर्घिकांच्या अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचा इतिहास सामान्यतः १९९० मधील हबल दुर्बिणीपासून सांगितला जातो. वऱ्हाडाचा त्याच्याशी संबंध सहसा जोडला जात नाही. तथापि क्षीण प्रकाश आणि त्याला झाकणारा अडथळा हा या छायाचित्रणामागील मूळ प्रश्न अमरावती जिल्ह्यातील तळणी येथे १८९८ मध्येच हाताळला गेला होता. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

तळणी येथील निरीक्षणे :
२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा वऱ्हाडातून गेला. अकोला-बडनेरामार्गे नागपूरला जाणाऱ्या लोहमार्गावरील तळणी हे ठिकाण ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने निवडले. त्या काळी वऱ्हाड निजामाचे, परंतु कारभार इंग्रजांचा होता. ॲनी माँडर यांच्या कॅमेऱ्याचे भिंग अवघे दीड इंचाचे होते. गर्टन महाविद्यालयाच्या अनुदानातून तो आकाशगंगेच्या छायाचित्रणासाठी घेण्यात आला होता. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत त्यांनी सूर्यकिरीटाचा लक्षावधी मैल लांबीचा किरण टिपला. याच तुकडीतील जॉन एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. हायड्रोजनच्या बामर रेषा जेथे संपतात, त्यापलीकडे अतिनील भागात त्यांना सलग प्रकाश आढळला. मुक्त इलेक्ट्रॉन प्रोटॉनला पुन्हा येऊन मिळताना तो बाहेर पडतो, हे पुढे अणुविज्ञानाच्या विकासानंतर स्पष्ट झाले.

वातावरणाचा अडथळा :
ग्रहणात चंद्र सूर्याचे तेज झाकतो. वातावरण मात्र कायम राहते. बामर रेषांची सीमा ३६५ नॅनोमीटरजवळ असल्याने तो प्रकाश जमिनीवरून टिपता आला. सुमारे ३०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश प्रामुख्याने ओझोन अडवतो. तरुण, उष्ण ताऱ्यांचा हायड्रोजनचे आयनीभवन करणारा प्रकाश तर ९१.२ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा असतो. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याची तरंगलांबी वाढते, तरीही अनेक दीर्घिकांच्या बाबतीत ती या मर्यादेच्या आतच राहते. म्हणून दुर्बीण वातावरणाबाहेर नेणे अपरिहार्य ठरते.

ॲस्ट्रोसॅटचे निरीक्षण :
२८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीच्या आरशाचा व्यास सुमारे ३८ सेंटिमीटर होता, हबलचा २.४ मीटर आहे. ही दुर्बीण एकेक फोटॉनची नोंद करी. यानाच्या हालचालीमुळे सरकलेली फोटॉनांची स्थाने संगणकाने जुळवल्यावर चित्र सिद्ध होई. ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एकाच भागाचे २८ तासांहून अधिक निरीक्षण करण्यात आले. पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने ऑगस्ट २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून ९३० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आयनीभवनकारी प्रकाश टिपला गेला होता. हबलला तो गवसला नव्हता, कारण तिच्या तुलनेत ॲस्ट्रोसॅटच्या संवेदकातील पार्श्वभूमी-गोंगाट बराच कमी होता.

निष्कर्ष :
दोन्ही प्रसंगी साधन लहान होते. निर्णायक ठरले ते अडथळा दूर करणे. तळणीत तो सूर्याच्या तेजाचा होता, अवकाशात हवेचा आणि संवेदकाच्या गोंगाटाचा. हायड्रोजन आणि अतिनील प्रकाश यांचे नाते हा या दोहोंमधील समान धागा होय. वऱ्हाडच्या स्थानिक इतिहासात राजकीय व सामाजिक घटनांच्या बरोबरीने तळणीच्या त्या दोन मिनिटांनाही स्थान मिळावयास हवे.