पाच मैलांचा हिशेब

संत्र्यांखेरीज आणखी एका गोष्टीला नागपूरचे नाव आहे, हे पुष्कळ नागपूरकरांनाही ठाऊक नसते. स्थापत्य शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. ‘नागपूर योजना’ म्हणजे काय ते तो घडाघडा सांगेल, कारण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो. १९४३ च्या डिसेंबरात प्रांताप्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य इंजिनिअर नागपुरास जमले आणि साऱ्या देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा ठरवून आपापल्या गावी परतले. तीच ही योजना.

महायुद्ध ऐन भरात असताना खेड्यांच्या रस्त्यांचा विचार करीत बसावे, याचे नवल वाटेल. पण या बैठकीची तयारी सोळा वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. कायदेपंडिताने खडी-मुरमाचा हिशेब करावा, ही एक गंमतच! समितीने सांगितले की, हा बोजा एकट्या प्रांतांना नि लोकल बोर्डांना पेलणार नाही. पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा. १९२९ साली तो निधी उभा राहिला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि मग नागपूर.

योजनेने रस्त्यांच्या पायऱ्या लावून दिल्या : राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक हमरस्ते, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते आणि सर्वांत शेवटी गावरस्ते. पण तिचा खरा जीव मला दिसतो तो तिच्या मोजपट्टीत. चांगल्या लागवडीच्या मुलखात कोणतेही खेडे हमरस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा तिचा दंडक होता. पाच मैल म्हणजे बैलगाडीला दोन-अडीच तास. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईची सगळी सकाळ. रस्ते मोटारीसाठी आखले खरे, पण मोजले ते खेडुताच्या पावलांनी.

सूत्रही मोठे मजेदार आहे. लागवडीखालच्या चौरस मैलांना पाचाने भागावे, बाकीच्या मुलखाला विसाने. दोन ते पाच हजार वस्तीच्या गावामागे एक मैल धरावा, त्याहून मोठ्या गावामागे पाच. पुढच्या वाढीसाठी शेकडा पंधरा मिळवावे, आणि आगगाडीच्या रुळांची लांबी वजा करावी! गावरस्त्यांचा हिशेब निराळा. तेथे पाचशेच्या आतल्या खेड्याच्या वाट्याला मैलाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेतीनशे यार्ड. हिशेब कागदी असेल; पण एवढ्याशा खेड्याला देशाच्या हिशेबात जागा मिळाली, हे थोडे झाले नाही. लांबीचे उद्दिष्ट मुदतीच्या दोन वर्षे आधी, १९६१ सालीच, ओलांडले गेले.

आता याच सूत्रात खुद्द नागपूर कोठे बसते ते पाहावे. पाच हजारांवरची सारी गावे सूत्राला सारखीच. १९४१ च्या खानेसुमारीत तीन लाखांच्या घरात पोचलेले यजमान नागपूर आणि सहा हजारांचे एखादे बाजाराचे गाव, दोघांच्याही नावे पाच-पाच मैल! यात इंजिनिअरांचा दोष नाही. त्यांना गावे जोडावयाची होती. शहराच्या आतले रस्ते हा नगरपालिकेचा आणि १९३६ च्या कायद्याने निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा प्रांत. परंतु खेड्यातल्या पायी माणसाला जसे पाच मैलांचे वचन मिळाले, तसे महाल-इतवारीतून सीताबर्डीस निघालेल्या पायी माणसाला कोणी दिले नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या पाळ्यांना माणसे पायी गेली, पुढे सायकलींवर गेली. शहरातल्या बसगाड्या पुष्कळ वर्षे एस. टी. महामंडळाने चालविल्या, नंतर त्या महापालिकेने कंत्राटावर दिल्या. बस कोणाचीही असो, थांब्यापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने तोडावयाचे. उलट मुंबई-कलकत्ता आणि काशी-कन्याकुमारी हे दोन मोठे हमरस्ते नागपुरातच एकमेकांना छेदतात. म्हणजे दूरच्या मालमोटारीची सोय आधी झाली, नि घरच्या सायकलस्वाराला तिच्या शेजारून वाट काढावी लागली.

८ मार्च २०१९ रोजी खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. २०२२ च्या डिसेंबरापर्यंत तिचे पहिल्या टप्प्यातले दोन्ही मार्ग पुरे झाले. तिच्याबरोबर शहराला अखेर एक मोजपट्टी मिळाली आहे. मार्गाच्या दोन्ही अंगांना पाचशे-पाचशे मीटरांचा पट्टा सरकारने आखून दिला, कारण एवढे अंतर माणूस सहज चालतो असे धरले जाते. त्या पट्ट्यात नियमाने जे वाढवून मिळते, ते मात्र इमारतींचे मजले. पदपथाची रुंदी त्या हिशेबात धरली तर पाचशे मीटर म्हणजे सहा-सात मिनिटांची वाट. वैशाखातल्या दुपारीसुद्धा, झाडांची सावली असली तर.