गावची मूळ घराणी आणि जमिनीचे दप्तर

जीर्णोद्धार समितीने गावच्या मूळ घराण्यांविषयी लिहून द्यावे असे सुचविले. मूळ घराणे कोणाचे, हा वाद पारावर वर्षानुवर्षे रंगतो व पालखीच्या मानापर्यंत जाऊन पोचतो. याबाबत जमिनीचे जुने दप्तर काय सांगते तेवढेच येथे देतो.

पूर्वी वस्तीची जागा ती पांढरी व पिकाची ती काळी. वंशपरंपरेने जमीन धरणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. दुष्काळात अथवा लढाईत एखादे घराणे बुडाले म्हणजे त्याची जमीन गतकुळी म्हणून लिहीत. ती पुन्हा लागवडीस यावी म्हणून सरकार नव्या माणसास कौल देई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल चढत चढत पुरा होई. यास इस्तावा म्हणत. पुढे उपऱ्यालाही गतकुळीची जमीन मिरासपत्राने मिळू शके. शेताला, म्हणजे थळाला, नाव मात्र बहुधा जुन्या धन्याचेच राही. थळ एका आडनावाचे आणि नांगर दुसऱ्याचा, असा प्रकार त्यामुळेच दिसतो. आजचे कित्येक मिरासदार हे कालचे उपरीच होत.

पन्हाळ्याच्या मुलखात तर माणसांची ये-जा विशेष. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, पुढे औरंगजेबाची स्वारी, आणि १७८२ पर्यंत करवीरची गादी गडावर. किल्ल्यांच्या चाकरीत मराठ्यांबरोबर रामोशी, महार, मांग हेही असत व चाकरीबद्दल जमिनी खात. गडकऱ्यांच्या या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८४४ साली गडकरी उठले. डिसेंबरात इंग्रज फौजेने पन्हाळा घेतला. जमिनीसाठी झालेली ही लढाई आपण मुलांना फारशी सांगत नाही, याचे नवल वाटते.

इनामांची वर्गवारी पाहिली तरी हीच सरमिसळ दिसते. देवस्थान वर्ग ३, पाटील-कुलकर्णी वर्ग ५, महार-रामोशी ६ अ, आणि सुतार, न्हावी, कुंभार असे गावाच्या उपयोगी पडणारे ६ ब. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले व महार वतनाच्या जमिनी रयताव्याने करून दिल्या. बाकी मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला.

आपले घराणे शोधू इच्छिणाऱ्यांनी आजच्या सात-बारापासून मागे जावे. नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना ६ पाहिला की जमीन वारसाने आली, खरेदीने, की १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याने, हे कळते. त्याआधीचे कडईपत्रक, व त्याही मागे मोडी. संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. कागदावर फसली सन असल्यास त्यात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. सालाच्या उत्तरार्धासाठी ५९१. बहिणी व लेकी यांची नावे मात्र जुन्या पानांत क्वचितच सापडतात, आणि सापडली तर 'इतर हक्क' या रकान्यात. ती मुद्दाम उतरून घ्यावीत.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. लोकांची निकड खरी आहे, तीबद्दल तक्रार नाही. परंतु हवा तो शब्द दिसला की पान मिटले जाते. त्याच पानावर खाली गुरवाची, कुंभाराची, मुलाण्याचीही जमीन लिहिलेली असू शकते. देवळातील दिवाबत्ती, पूजा, वाजंत्री ज्यांच्या चाकरीवर चालत आली, त्यांची नावे अशाच ओळींत आहेत. मानाची यादी करताना समितीने त्या ओळी वाचाव्यात अशी विनंती आहे.

कोणाच्या घरी मिरासपत्र, कौल अथवा इनामाची सनद असल्यास ती छायाचित्रासाठी समितीकडे आणावी व लगेच परत न्यावी. फाटलेल्या मोडी कागदास चिकटपट्टी लावू नये, आणि ट्रंकेत डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळका पाला ठेवला तरी चालेल.