धाडीच्या दुसऱ्या दिवशी

आमचा आज्जा कासार. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात सायकलच्या कॅरिअरला बांगड्यांची पेटी बांधून तो उभा जन्म फिरला. परक्या बाईचा हात चारचौघांत हातात धरायची मुभा असलेला पुरुष म्हणजे कासार, आणि या मुभेचा त्याला भारी अभिमान. नुसता हात बघून तो सांगायचा, ही शेतात राबणारी, ही तंबाखूच्या वखारीतली, ही विड्या वळणारी. त्याच्या फेरीत एक गल्ली होती, जिचं नाव आज्जी घरात काढू द्यायची नाही. तिकडून आला की परसात बादली भरून ठेवलेली असायची. आज्जा मुकाट्यानं अंघोळ करायचा आणि रात्री तंबाखू मळत आम्हा पोरांना नेमक्या त्याच गल्लीच्या गोष्टी सांगायचा.

"धाड पडली की दुसऱ्या दिवशी काकण चढत न्हाई बघ," हे त्याचं नेहमीचं वाक्य. पोलिसाची काठी चुकवायला बाई हात आडवा धरते. मार तिथंच बसतो. अंगठ्याच्या बुडाशी सूज, मनगट काळंनिळं. सव्वादोनच्या हाताला अडीचचं काकण लागायचं, म्हणून त्या गल्लीसाठी तो वरच्या मापाच्या बांगड्या जादा ठेवायचा. सुजलेल्या हाताला साबणाचं पाणी लावून, बोटं एकाशी एक दाबून, बाईला गप्पांत गुंतवून तो काकण सरकवायचा. भरून झालं की रीतीप्रमाणं ती कासाराला वाकून नमस्कार करायची आणि हा रीतीप्रमाणं अखंड सौभाग्याचा आशीर्वाद द्यायचा. त्यातल्या बऱ्याच जणी यल्लम्माला सोडलेल्या. देवीशी लग्न लागलेलं, म्हणून कधी विधवा न होणाऱ्या. तरी मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला त्याच बांगड्या फोडायच्या आणि अहेव पुनवेला पुन्हा भरायच्या. आज्जाच्या हिशेबात हा वर्षातला मोठा धंदा होता, हेही तो लपवायचा नाही.

धाडीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत दोनच माणसं येतात, असं तो म्हणायचा: कासार आणि सावकार. सावकार कशाला, तर दंड भरायला पैसे हवेत म्हणून.

धाडींची ही रीत काही आज्जाच्या काळातच सुरू झालेली नव्हे, फार जुनी. इंग्रजांना चिंता होती ती गोऱ्या शिपायांना होणाऱ्या गुप्तरोगांची. १८६८ साली त्यांनी कायदा करून बायांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. रोग निघाला की बाई 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायची. शिपायाला मात्र कुणी कोंडलं नाही. खूप ओरड झाल्यावर १८८८ मध्ये तो कायदा गेला. पुढं १९२३ साली मुंबई इलाख्याचा वेगळा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर आपण माणसांच्या व्यापाराविरुद्धच्या न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो 'पिटा' म्हणून ओळखला जातो. आता गंमत बघा. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं देहविक्रय करणं हा या कायद्यात मुळात गुन्हाच नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा, दलाली गुन्हा, देवळा-शाळेच्या दोनशे मीटरच्या आत धंदा गुन्हा, रस्त्यावर गिऱ्हाईकाला खुणावणं गुन्हा. बाई निर्दोष, पण तिनं उभं कुठं राहायचं ते कायदा सांगत नाही. पोलिसाच्या हप्त्याला याहून सोयीची जागा कुठली?

आज्जा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्या गल्लीत गेले. एका खोलीत अव्वा भेटली. सत्तरीची, कपाळभर कुंकू, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी. "कासारमामांची नात व्हय गं तू?" म्हणत तिनं आधी माझा हातच बघितला आणि मोकळ्या मनगटाबद्दल मला झापलं. पुढचा इतिहास मी तिच्याकडून ऐकला.

१९९० च्या आसपास एड्सचं नाव कानावर यायला लागलं आणि दवाखान्यांनी हात झटकले. "डाक्टर लांबनंच बोलायचा. बाई मेली तर उचलायला बी कुणी येत न्हवतं. आमीच चौघी खांदा द्यायचो." १९९२ साली मीना सेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगलीत 'संग्राम' ही संस्था उभी केली आणि गोकुळनगरच्या वस्तीत काम धरलं. निरोध वाटायचे होते. बाहेरची माणसं येऊन वाटून गेली तर निरोध गटारात जातात, हे लवकरच ध्यानात आलं. मग बायांनीच ते काम अंगावर घेतलं, कारण कुठल्या खोलीत किती गिऱ्हाईक येतं, कुठला मालक निरोध नको म्हणून मारतो, हे त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाईक अडून बसलं तर शेजारची म्हणायची, माझ्याकडंही निरोधाशिवाय चालणार नाही. एकटीनं असा नकार दिला तर ती उपाशी राहते. सगळ्या गल्लीनं दिला तर गिऱ्हाईकाला जायला जागा उरत नाही.

यातूनच १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प', उभी राहिली. सांगली, मिरज, निपाणीकडच्या बायांची स्वतःची संघटना. अव्वाच्या लेखी तिची थोरवी निरोधात नव्हती. "आदी चौकीत एकीनं जायाचं आन् रडत यायाचं. मग आमी पंचवीस-तीस जणी जायला लागलो. पंचवीस बायास्नी कोन मारतंय?" धाडीच्या दुसऱ्या दिवशी सावकाराच्या आधी आता शेजारणी येत होत्या.

अव्वाला कलकत्ताही बघायला मिळाला होता. तिथं सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये रोगनियंत्रणाचं काम करायला गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की बायांना रोगापेक्षा गुंडांची, पोलिसांची आणि पोरांच्या शाळेची काळजी जास्त आहे. त्यांनी कामाची दिशाच बदलली. १९९५ साली 'दुर्बार' ही बायांची समिती आणि 'उषा' ही त्यांची सहकारी पतसंस्था निघाली. नोंदणीत सहकार कायद्यातली चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंदवा, असं सुचवण्यात आलं, पण बायांनी ते नाकारलं आणि शेवटी अट हलली. सहकाराच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला ही गोष्ट कुठल्याही साखर कारखान्याच्या निवडणुकीपेक्षा मोठी वाटते. २००१ च्या ३ मार्चला दुर्बारनं सॉल्ट लेक स्टेडियमवर पंचवीस हजारांवर बाया जमवल्या. परवानगी रद्द व्हावी म्हणून दबाव आला होता, तरी मेळा झाला. जगभर पाळला जाणारा देहविक्रय करणाऱ्यांचा हक्क दिन त्या तारखेचा आहे. कलकत्त्याच्या मेळ्याबद्दल अव्वाचं एकच वाक्य: "इतक्या धंदेवाल्या बाया एका जागी, आन् गिऱ्हाईक एक बी न्हाई! मी तर खुळीच झाले."

त्याच वर्षी व्हेनिसमध्ये अशा बाया लाल छत्र्या घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि पुढं ती छत्री साऱ्या चळवळीची खूण झाली. तसा मोर्चा नंतर मीही बघितलाय. उन्हाचा चटका, छत्रीचा लाल उजेड तोंडावर, आणि पोलीस बायांना रस्ता ओलांडायला वाहनं थांबवतोय. एक म्हातारी हसून त्याला म्हणाली, "साहेब, आज मारायचं न्हाई हां." तोही हसला. ३ मार्चसारखीच चळवळीची दुसरी तारीख १७ डिसेंबर, हिंसाचाराविरोधातली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलला तिची सुरुवात झाली, तिथल्या एका खुन्याच्या बळींच्या आठवणीत. गरीब, रस्त्यावरच्या बायांचे खून त्यानं वर्षानुवर्षं पाडले होते.

वाचवायला येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. २००५ च्या मे महिन्यात बाहेरच्या एका संस्थेच्या पुढाकारानं गोकुळनगरवर धाड पडली. अल्पवयीन मुलींना सोडवायला हवंच, त्यात दुमत नको. व्हॅम्पच्या बायाही हेच म्हणतात. पण धाडीत सज्ञान बायाही गाडीत कोंबल्या जातात आणि सुधारगृहातून सुटायला त्यांना महिने लागतात. त्याच सुमारास अमेरिकेनं एड्सच्या मदतीसाठी अट घातली, की संस्थेनं वेश्याव्यवसायाचा निषेध लिहून द्यावा. 'संग्राम'नं पैसे परत केले. पुढं सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली व्हॅम्पच्या बायांनी स्वतःच्या जगण्यावर नाटक केलं. घरवाली, मालक, मालकाची बायको, सगळ्या भूमिका त्यांच्याच.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणाचं होईल. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना बोलावून सांगितलं, की हे जिणं सोडा. देवीला पोरी सोडल्या जात होत्या त्या कुठल्या जातींतल्या, हे बघितलं तर त्या बोलण्यामागची आग कळते. कित्येक दलित कार्यकर्त्या आजही म्हणतात, जातीनं लादलेल्या धंद्याला 'काम' कसं म्हणायचं? मला हा प्रश्न खोडता येत नाही. अव्वालाही आला नाही. ती म्हणाली, "माज्या नातीनं करू नये असं मला बी वाटतंय. पर मी हितं हाय तवर मला मारायचा हक्क कुनाला हाय?"

सर्वोच्च न्यायालयानं तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते एका खुनाच्या खटल्यातून. १९९९ साली कलकत्त्यात एका अशाच बाईचा खून झाला. २०११ मध्ये आरोपीची जन्मठेप कायम करताना न्यायालयानं विचारलं, की या बायांच्या जगण्याचं काय? तिथून हा बुद्धदेव कर्मस्कर खटला जनहित याचिका झाला. टाळेबंदीत रेशन द्या, हा २०२० चा आदेश त्यातलाच. महाराष्ट्रानं तीन महिने दरमहा पाच हजार रुपयेही मंजूर केले. आणि १९ मे २०२२ ला न्यायालयानं निर्देश दिले: धाडीत स्वेच्छेनं धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला अटक नको, छळ नको, निरोध हा पुरावा धरू नये, वृत्तपत्रांनी तिचं नाव-चेहरा छापू नये, तिच्यावर अत्याचार झाला तर कुठल्याही पीडितेला मिळतात ते उपचार तिलाही मिळावेत.

चौकीच्या भिंतीवर हे निर्देश लागलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

कायदा मात्र होता तिथंच आहे. त्याचं कलम ४ म्हणतं, की अठरा वर्षांवरचं जे कुणी जाणूनबुजून अशा बाईच्या कमाईवर जगतं, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हे कलम दलालासाठी लिहिलं, पण त्यात मुलाला सूट नाही, म्हाताऱ्या आईलाही नाही. आईच्या पैशानं कॉलेजची फी भरणारं पोर अठराव्या वाढदिवसाला कायद्याच्या तावडीत येतं. पोरं आणि आईबाप या कलमातून वगळावेत, एवढी दुरुस्ती संसदेला एका बैठकीत करता येईल. तुमचा खासदार मतं मागायला दारात आला, की त्याला कलम ४ बद्दल विचारा.