छत्र, इरले आणि छत्री



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, किल्ले, तह आणि सनावळी उभ्या राहतात. परीक्षेत गुणही त्यांनाच असतात. परंतु माणसाने पावसापासून आपले अंग कसे झाकले, कोणाच्या डोक्यावर छत्र आले आणि कोण भिजत राहिला, हाही इतिहासच आहे. तो आपणांस थोडक्यात सांगावा, ह्या हेतूने मी हा लेख लिहीत आहे. त्यासाठी आपण प्रथम पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात, आंबवडे या गावी जाऊ.

आंबवडे हे डोंगरांच्या कुशीतील गाव. नागेश्वराचे जुने मंदिर, गर्द झाडी आणि ओढ्यावरचा भोर संस्थानच्या काळातील झुलता पूल यांसाठी ते प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या दृष्टीने तर हे गाव फारच मोलाचे. शिवाजी महाराजांचे निष्ठावंत सहकारी कान्होजी जेधे आणि १६५९ साली प्रतापगडाच्या प्रसंगी पराक्रम गाजविणारे जिवा महाला यांच्या समाध्या येथे आहेत. पुढे भोर संस्थानचे मूळ पुरुष ठरलेले शंकराजी नारायण सचिव यांचा अंत १७०७ साली येथेच झाला व त्यांचीही समाधी येथे आहे. थोरामोठ्यांच्या समाधीवर जी छत्राकार वास्तू उभारतात तिला मराठीत 'छत्री' असेच म्हणतात. पुण्याजवळ वानवडी येथील महादजी शिंदे यांची छत्री आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. म्हणजे आपल्या भाषेत छत्री हा शब्द नुसत्या पावसाचा नाही, तो मानाचाही आहे.

हा मान कोठून आला? प्राचीन काळापासून आपल्या देशात छत्र हे राजाचे चिन्ह मानले गेले. ज्याच्या मस्तकावर छत्र तो राजा. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि ते छत्रपती, म्हणजे छत्राचे धनी झाले. महाराजांच्या 'शिवराई' या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. राजाच्या डोक्यावरचे छत्र असे बाजारातील गरीब माणसाच्या मुठीत आले, निदान अक्षररूपाने तरी!

मोगल दरबारातही हीच रीत होती. अबुल फज्ल याने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात बादशाही चिन्हांची जी यादी दिली आहे, तीत तख्ताबरोबर छत्र आहे आणि 'आफताबगीर'ही आहे. फारसीत आफताब म्हणजे सूर्य. आफताबगीर म्हणजे सूर्याला अडविणारा. हाच शब्द मराठीत 'अबदागीर' होऊन आला आणि मराठेशाहीत सरदारांच्या मानमरातबात जाऊन बसला. आजही आपण देवाच्या पालखीपुढे अबदागिरी पाहतो. फारसी शब्द मराठी झाला आणि कोणाला तो परका वाटला नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता एक साधा प्रश्न विचारतो. ही राजछत्रे आणि अबदागिऱ्या पावसात कितपत उपयोगी पडत असतील? जरीकाम केलेले ते उंची कापड एका सरीत खराब झाले असते. ती उन्हासाठी होती, आणि त्याहून अधिक दिमाखासाठी होती. शिवाय ती धरायला दुसरा माणूस लागे. राजा सावलीत आणि छत्र धरणारा उन्हात, असा तो प्रकार होता.

पावसाचा खरा विचार केला तो शेतकऱ्याने. भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात डोंगर ढगांत बुडालेले असतात. मुख्य पीक भाताचे. भाताची लावणी भर पावसात, चिखलात वाकूनच करावी लागते आणि तिला दोन्ही हात मोकळे हवेत. तेथे हातात धरायची छत्री कुचकामाची. ह्या अडचणीतून 'इरले' जन्मास आले. बांबूच्या कामट्यांची जाळी विणायची, तिच्यावर पळसासारखी रुंद पाने एकावर एक कौलांप्रमाणे बसवायची आणि वरून पुन्हा कामट्यांनी ती दाबून बांधायची. आकार उलट्या होडीसारखा. डोक्यावरून कमरेपर्यंत ते पाठ झाकते. बाई लावणीसाठी वाकली की पाऊस इरल्यावरून घरंगळून खाली जातो, पाठ कोरडी राहते आणि हात कामाला मोकळे राहतात. हे कोणी शोधले त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही.

इरल्याचे भावंड म्हणजे घोंगडी. धनगराने मेंढीची लोकर कातरायची, सनगराने ती मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करायची. लोकरीत नैसर्गिक स्निग्धांश असतो, त्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही. आणि भिजली तरी लोकर काही प्रमाणात ऊब देते, हा गुण सुती कापडात नाही. घोंगडीचे एक टोक आत दुमडून तिची खोळ डोक्यावर घेतली की तीच टोपी आणि तोच रेनकोट. रात्री अंथरूण तीच आणि पांघरूणही तीच.

आज आपण जी काळ्या कापडाची छत्री वापरतो ती युरोपातून सुधारून आली. तेथेही तिचे स्वागत टाळ्यांनी झाले नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे नावाचे गृहस्थ छत्री घेऊन रस्त्याने जाऊ लागले, तेव्हा लोक त्यांना हसत. गाडीवान तर चिडत, कारण पाऊस आला की त्यांना भाडे मिळे आणि छत्रीमुळे ते बुडण्याची भीती होती. हॅनवे यांनी छत्री सोडली नाही. १७८६ साली ते वारले. पुढे लंडनच्या हाती छत्री आलीच. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले आणि रेनकोटाचा मार्ग खुला झाला. १८५२ च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स यांनी पोलादाच्या पन्हळीदार काड्या काढल्या आणि छत्री हलकी व टिकाऊ झाली.

मुंबईही मागे राहिली नाही. इब्राहिम करीम आणि सन्स ही छत्र्यांची पेढी १८६० पासूनची. 'स्टॅग' ह्या नावाच्या त्यांच्या छत्र्या महाराष्ट्रात घरोघरी गेल्या. आपल्या समाजातील एका व्यापारी घराण्याने राजाचे चिन्ह कारकुनाच्या, शिक्षकाच्या आणि शेतकऱ्याच्या हातात दिले, याचा आपणांस अभिमान वाटला तर त्यात गैर काही नाही.

पण छत्री सर्वांची झाली, ती सहजासहजी नव्हे. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्रावणकोर संस्थानात नाडार आदी खालच्या मानलेल्या जातींच्या लोकांस छत्री वापरण्यास मनाई होती. धो धो पावसाच्या त्या प्रदेशात माणसाने भिजावे, कारण कोरडे राहणे हा वरच्यांचा अधिकार! छत्र हे मोठेपणाचे चिन्ह झाले की असा अन्याय घडतो.

वाचकहो, हे सर्व मी का सांगत आहे? दोन गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट माझ्या घरची. आमच्या घरी लहानपणी एकच छत्री होती. ती अब्बा कामावर नेत. मी खताच्या रिकाम्या पिशवीची खोळ करून, दप्तर पोटाशी धरून शाळेत जाई. माझी मोठी बहीण मात्र जोराचा पाऊस असला की घरी राही. मुलीने ओल्या कपड्यांनी रस्त्याने कसे जायचे, असे घरातील मोठी माणसे म्हणत. आपा माझ्याहून हुशार होती. दर जुलैत तिचे धडे मागे पडत आणि सातवीनंतर तिची शाळा सुटली. केवळ पावसाने सुटली असे मी म्हणणार नाही; पण दुसरी एक छत्री घरात असती तर काय झाले असते, हा विचार दर पावसाळ्यात माझ्या मनात येतो.

दुसरी गोष्ट माझ्या वर्गातील. एक मुलगा रोज चिंब भिजून येई. चौकशी करता कळले की, त्याची आई त्याला प्लास्टिकच्या कागदाची खोळ देते. पण मुले हसतात म्हणून तो ती शाळेच्या भिंतीमागे लपवून ठेवतो. मी त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या शेतकऱ्याचे जुने इरले वर्गात नेले, प्रत्येक मुलाला ते डोक्यावर घेऊन वाकायला लावले आणि वर सांगितलेला इतिहास सांगितला. मग विचारले, "राजाचे छत्र मोठे की इरले?" कोणी काही उत्तर दिले ते असो. पुढच्या पावसात ती खोळ वर्गाच्या खुंटीवर टांगलेली दिसली, मला तेवढे पुरे झाले.

शाळा जूनमध्ये उघडतात आणि पाऊसही तेव्हाच येतो. म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. वह्यापुस्तकांच्या यादीत छत्री वा रेनकोट लिहा, आणि मुलाइतकाच मुलीसाठीही लिहा. दप्तरात प्लास्टिकची पिशवी आणि एक कोरडा रुमाल असू द्या. रस्त्याने जाणाऱ्या मुलाचा रेनकोट पिवळा किंवा लाल असावा, म्हणजे वाहनचालकास तो दुरून दिसतो. मोटारसायकलवर मागे बसून छत्री उघडू नये. वाऱ्याने ती ओढली जाते आणि तोल जातो. विजा चमकत असताना उघड्या माळावर छत्री धरू नये आणि एकट्या झाडाखालीही थांबू नये, पक्के घर गाठावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, पावसाळी पेहराव चांगला कोणता? जो अंगावर असताना तुम्ही वेळेवर, कोरड्या वह्यांनिशी वर्गात पोहोचता तो चांगला. मग ती नवी छत्री असो वा खताच्या पिशवीची खोळ असो. खोळ घेऊन आलेल्या सोबत्याला हसू नका, आणि छत्री असेल तर तिच्याखाली त्याला घ्या. राजाच्या छत्राखाली एकालाच जागा होती; तुमच्या छत्रीत दोघे सहज मावतात.