कथेचें ऋण



कथा ही फार सोपी विद्या आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. व्याकरणाला पाठांतर लागतें, गणिताला अभ्यास लागतो. कथा मात्र एकदां ऐकली कीं आली! परंतु काल वाचलेली एखादी गोष्ट आज घरांतील मुलांना सांगावयास बसा. दुसऱ्याच वळणावर आपण अडखळतों. राजा रागावला खरा, पण कां रागावला? राणीनें काय उत्तर दिलें? वाचतांना जें आपण सहज ओलांडून गेलों, तें सांगतांना आडवें येतें. वाचल्यानें कथेशीं केवळ ओळख होते. ती अंगीं मुरते सांगितल्यावरच.

आपल्या व्रतांच्या कहाण्यांना हें मर्म ठाऊक आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणींत कहाणी ऐकावयास उपाशी माणूस शोधावें लागतें, आणि तिचें फळ सांगणाराला मिळतें तसेंच ऐकणारालाही मिळतें. मनांत ठेवलेली कहाणी निष्फळ होय.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा विद्यापीठांत या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पुराणकथा व लोककथा यांचा एक वर्ग ऑनलाइन चालत असे. त्याची रीत याच तत्त्वावर उभारलेली होती. निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी आपापल्या ठिकाणीं बसून इसापाच्या, जातकांच्या, ग्रीक पुराणांच्या कथा वाचीत. त्यांतील एक निवडून ती स्वतःच्या शब्दांत नव्यानें लिहीत, आणि सहाध्यायी ती वाचून अभिप्राय देत. प्रत्येक कथेच्या शेवटीं मात्र एक टीप आवश्यक असे: मूळ कथा कोठली, तिच्यांत मीं काय बदललें, आणि कां बदललें.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, जेथें गुरूचा चेहरा नाहीं, आवाज नाहीं, तेथें कथा कसली शिकणार? आक्षेप पोकळ नाहीं. तथापि कथांचा इतिहास पाहिला, तर दूर राहून शिकणें हें कांहीं आजचें नव्हे.

पंचतंत्राची प्रस्तावना आपण जाणतोंच. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ति याच्या तीन मंदबुद्धि पुत्रांना सहा महिन्यांत नीतिनिपुण करण्याची प्रतिज्ञा विष्णुशर्म्यानें केली, आणि ती कथांच्या साहाय्यानें तडीस नेली. हा झाला समोरासमोर बसून चाललेला वर्ग. पण याच कथा इसवी सनाच्या सहाव्या शतकांत बुर्झोय नांवाच्या इराणी वैद्यानें पहलवी भाषेंत नेल्या. आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें त्यांना अरबी रूप दिलें, आणि आपले करटक व दमनक हे कोल्हे ‘कलीला’ व ‘दिम्ना’ झाले. तेथून त्या यूरोपांत पोंचल्या. यांतील एकाही शिष्यानें विष्णुशर्म्याचें तोंड पाहिलें नव्हतें. प्रत्येकानें कथा आपल्या भाषेंत नव्यानें सांगितली, म्हणूनच ती जगली. फ्रेंच कवि ला फाँतेन यानें १६७८ सालच्या आपल्या नव्या संग्रहाच्या आरंभीं, यांतील बहुतेक कथांसाठीं आपण पिल्पे या हिंदी ज्ञान्याचे ऋणी आहों, असें मोकळेपणानें लिहिलें. ओक्लाहोमाच्या वर्गांतील टीप ती हीच.

परंतु हें ऋण नेहमींच इतकें ठळक लिहिलें जात नाहीं. आपल्याच मुलुखांतील एक उदाहरण पाहूं. १८६५-६६ च्या हिंवाळ्यांत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. त्यांची कन्या मेरी बरोबर होती; छावणींत सोबतीला दुसरी स्त्री म्हणजे तिची आया, अन्ना लिबेराता डि सूझा. अन्नाचें घराणें मूळचें कालिकतचें लिंगायत. पुढें तें गोव्याजवळ येऊन राहिलें व तेथें तिच्या आजोबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वेळ जाईना म्हणून मेरीनें गोष्टी विचारल्या, आणि अन्नानें आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला इंग्रजींत सांगितल्या. मेरीनें त्या लिहून काढल्या आणि बिनचूक उतरल्या आहेत कीं नाहींत, हें पाहण्यासाठीं अन्नाला पुन्हां वाचून दाखविल्या. १८६८ सालीं लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हें पुस्तक निघालें.

शीर्षपृष्ठावर नांव आहे तें फ्रियरचें. मात्र आंत अन्नानें सांगितलेली तिची जीवनकथाही छापलेली आहे, आणि त्या काळच्या मानानें ही मोठीच गोष्ट होय. आज तें पुस्तक कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचतां येतें. त्यांत कथा आहेत, अन्नाचें चरित्र आहे. नाहीं तो आजीचा आवाज. ती कोठें थांबे, कोठें हंसे, कोणत्या शब्दावर नातीला जवळ ओढी, हें कोणत्याही कागदावर उतरलेलें नाहीं. आक्षेपकाचें म्हणणें खरें ठरतें तें येथें.

म्हणून दोन्ही गोष्टी ध्यानीं ठेवाव्या लागतात. कथा बदलण्याचा अधिकार सांगणाराला आहेच. बदलावयाची नाहीं, असें म्हटलें तर ती पेटींतल्या शालूसारखी घडीवरच विरेल. परंतु ती कोणाकडून मिळाली, हें सांगण्याचें कर्तव्यही त्याच्याकडेच येतें. अधिकार घेऊन कर्तव्य टाकलें, कीं अन्नासारख्या कितीतरी आज्या व आया कथेंतून कायमच्या बाहेर पडतात.

आपल्या घरींही अशी एखादी आजी असेल. आज ध्वनिमुद्रणाचें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि अन्नाच्या आजीच्या वेळीं जें अशक्य होतें, तें एका बोटाच्या दाबानें साधतें. तिच्याजवळ बसा, तिची कहाणी तिच्याच आवाजांत टिपून घ्या. मग ती आपल्या शब्दांत मुलांना सांगा; चुकलांत तरी चालेल. फक्त सांगून झाल्यावर एवढें एक वाक्य जोडावयास विसरूं नका: ही गोष्ट मला अमक्या आजीनें सांगितली.