शिकाऊ हातांची जबाबदारी

मानसोपचार शिकणाऱ्या माणसाची केस एखाद्या अनुभवी माणसानं ऐकायची, त्याला प्रश्न विचारायचे आणि पुढची दिशा दाखवायची, या पद्धतीला आज सगळे सुपरव्हिजन म्हणतात. तिचा माग काढत मागे गेलं की व्हिएन्नातल्या एका संगीत समीक्षकाशी गाठ पडते. त्याचं नाव मॅक्स ग्राफ. त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला घोड्यांची इतकी भीती बसली होती की तो घराबाहेर पडायला तयार नसे. ग्राफ मुलाशी बोलायचा, बोलणं टिपून ठेवायचा आणि ते मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडना कळवायचा. पुढे काय विचारायचं, कशाचा अर्थ काय लावायचा, हे फ्रॉइड सांगायचे. या उपचाराच्या काळात फ्रॉइडनी मुलाला स्वतः पाहिलं ते एकदाच, 1908 मध्ये. पुढच्या वर्षी ही केस ‘छोटा हान्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. उपचार करणारा एक, त्याच्यामागे विचार करणारा दुसरा आणि दोघांच्या मध्ये कागद, अशी मांडणी तेव्हाच झाली होती. तिला नाव नव्हतं, नियमही नव्हते.

फ्रॉइडच्या घरी 1902 पासून बुधवारी संध्याकाळी मंडळी जमत आणि केसेसवर बोलत. तरीही मी त्या बैठकांना सुपरव्हिजन म्हणणार नाही. तिथे बुद्धी पाजळली जाई. रुग्णाचं पुढच्या आठवड्यात काय करायचं, याचा जाब कोणी कोणाला विचारत नव्हतं.

तो जाब सुरू झाला बर्लिनमध्ये, आणि त्याचं कारण होतं गरिबी. पहिलं महायुद्ध संपता संपता, 1918 मध्ये, बुडापेस्टच्या परिषदेत फ्रॉइडनी गरिबांसाठी मोफत उपचार केंद्रं निघावीत असं म्हटलं होतं. 14 फेब्रुवारी 1920 रोजी बर्लिनच्या पोट्सडामर श्ट्रासेवर तसं केंद्र उघडलं. खर्चाचा मोठा भार मॅक्स आयटिंगॉननी उचलला. त्यांच्या घराण्याचा फरचा व्यापार होता. सोबत कार्ल अब्राहम आणि एर्न्स्ट झिमेल होते, आणि खोल्यांची मांडणी फ्रॉइडचे वास्तुविशारद चिरंजीव एर्न्स्ट यांनी केली. रुग्णानं परवडेल तेवढे पैसे द्यायचे, नसतील तर देऊ नयेत. रुग्णांची गर्दी झाली आणि तयार मनोविश्लेषक मोजकेच होते. मग शिकणाऱ्यांच्या हाती रुग्ण द्यावे लागले.

इथे मी दर वेळी थांबते. ज्याच्याकडे पैसे होते तो त्या काळीही थेट अनुभवी डॉक्टरकडे जाऊ शकत होता. शिकाऊ हात वाट्याला आले ते दुसरीकडे जाऊ न शकणाऱ्यांच्या. आयटिंगॉनना ही गोष्ट नुसती दिसली नाही, बोचलीही असावी असं मला त्यांच्या कामावरून वाटतं. कारण त्यांनी शिकणाऱ्याला एकटं सोडलं नाही. त्यानं प्रत्येक केसच्या तपशीलवार नोंदी ठेवायच्या, त्या घेऊन ज्येष्ठ विश्लेषकाकडे जायचं, आणि गरज पडली तर ज्येष्ठानं हस्तक्षेप करायचा. याला ते कंट्रोल अॅनालिसिस म्हणत. शिकणाऱ्याचं स्वतःचं मनोविश्लेषण, सिद्धांताचे वर्ग आणि देखरेखीखालच्या केसेस, हा शिक्षणाचा तीन पायांचा साचा तिथेच घडला. 1925 मध्ये बाड होम्बुर्गच्या परिषदेत आयटिंगॉन यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण आयोग नेमला गेला आणि बर्लिनचा साचा इतर शहरांत जाऊ लागला.

बुडापेस्टच्या लोकांना तो सगळाच्या सगळा मान्य नव्हता. शांडोर फेरेन्त्सी आणि विल्मा कोवाच यांचं म्हणणं वेगळं होतं. शिकणाऱ्याला रुग्णासमोर जे अडतं ते त्याच्या स्वतःच्या मनातल्या गाठींमुळे अडतं. मग ज्या विश्लेषकाला त्या गाठी ठाऊक आहेत, त्यानंच त्याची पहिली केस का ऐकू नये? बर्लिनमध्ये देखरेख करणारा वेगळा आणि विश्लेषक वेगळा. बुडापेस्टमध्ये शिकणारा आपल्या विश्लेषणाच्या तासातच, त्याच कोचावर पडून, आपल्या रुग्णाबद्दलही बोलायचा. कोवाचबाईंनी 1936 मध्ये यावर सविस्तर निबंध लिहिला. मेसारोश रस्त्यावर त्यांच्याच घराच्या इमारतीत 1931 पासून बुडापेस्टचं मोफत केंद्र चालत होतं, म्हणजे या बाई नुसत्या कागदावर वाद घालत नव्हत्या.

हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि मी यात पूर्णपणे कोणा एकाच्या बाजूची नाही. बुडापेस्टनं ओळखलं की केसमध्ये उपचार करणाराही असतो आणि त्याला वगळून केस समजत नाही. बर्लिनला हे दिसलं की शिकणाऱ्याचं दुःख ऐकत बसलं तर तासाभरात रुग्ण बाजूला पडतो. आज चांगला सुपरव्हायझर प्रशिक्षणार्थीच्या मनात काय चाललंय ते विचारतो, पण त्याचा उपचार करायला बसत नाही. त्याला खोलवर मदत हवी असेल तर दुसऱ्याकडे पाठवतो. ही सीमा त्या दोन शहरांच्या भांडणातून आखली गेली आहे.

भांडण मिटायला मात्र वेळ मिळाला नाही. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले. आयटिंगॉन ज्यू असल्यामुळे बर्लिन सोडून पॅलेस्टाइनला गेले. 1936 मध्ये त्यांच्या संस्थेची जागा हेर्मान गोअरिंगचा नातेवाईक चालवत असलेल्या संस्थेनं घेतली. पुढे व्हिएन्ना, बुडापेस्ट रिकामी होत गेली. सुपरव्हिजन जगभर पसरली ती बरीचशी निर्वासितांच्या पायांनी.

त्यांतले एक मायकेल बालिंट. बर्लिनमध्ये शिकून ते बुडापेस्टला परतले होते, म्हणजे दोन्ही रीती त्यांनी आतून पाहिल्या होत्या. 1939 मध्ये ते इंग्लंडला आले. 1948 मध्ये त्यांनी प्रशिक्षणाच्या पद्धतीवर कठोर लेख लिहिला. देखरेख करणारे ज्येष्ठ नकळत आपल्यासारखेच आज्ञाधारक विश्लेषक घडवतात, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढे लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एनिड बालिंट यांच्यासोबत ते साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट घेऊ लागले. डॉक्टरनं कागद न पाहता रुग्णाबद्दल बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. काय विसरलं, कुठे आवाज चढला, कशाचा कंटाळा आला, तेही केसचाच भाग. त्या कामावरचं त्यांचं पुस्तक 1957 मध्ये आलं आणि बालिंट गट अनेक देशांत सुरू झाले.

त्याच सुमारास अमेरिकेत मेरीलँडच्या चेस्टनट लॉज रुग्णालयात हॅरल्ड सर्ल्स यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. शिकणारा रुग्णाबद्दल सांगत असताना सुपरव्हायझरच्या मनात ज्या भावना उठतात, त्या अनेकदा रुग्ण आणि शिकणारा यांच्यामध्ये चाललेल्याची सावली असतात. 1955 च्या त्यांच्या लेखात हे आलं. तीन वर्षांनी टोपेकाच्या मेनिंगर फाउंडेशनमधले रुडॉल्फ एकस्टाइन, हेही व्हिएन्नाचे निर्वासित, आणि रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी त्यावर सुपरव्हिजनचं एक मोठं पुस्तक उभं केलं. मी स्वतः हे रोज पाहते. एक तरुण समुपदेशक दारू सोडू पाहणाऱ्या एका गृहस्थाबद्दल सांगत होती. ऐकता ऐकता मला तिला चटकन चार उपाय सांगून टाकावेत अशी घाई झाली. मी तिला विचारलं, ‘ते तुझ्याकडे दर वेळी काय मागतात गं?’ ती म्हणाली, ‘उपाय. खोलीत शिरल्या शिरल्या उपाय.’ तिथून खरी चर्चा सुरू झाली.

आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मात्र होताच. 1940 च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर यांनी सेशन्स ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. तबकडी काही मिनिटांत भरायची आणि लगेच दुसरी चढवावी लागायची. समुपदेशकांनी स्मरणातून लिहिलेले अहवाल या मुद्रणांशी ताडून पाहिले तेव्हा बोलण्याचा केवढा तरी भाग गळलेला सापडला. माणूस खोटं लिहीत नव्हता. त्याला स्वतःचं बोलणं ऐकूच आलेलं नव्हतं. रॉजर्सनी 1942 मधल्या आपल्या पुस्तकात एका क्लायंटची सगळी सेशन्स शब्दशः छापली. बंद दाराआड घडणारं असं पूर्णपणे उघड्यावर ठेवणं तेव्हा नवीन होतं.

फिलाडेल्फियानं त्याहून पुढचं पाऊल टाकलं. साठच्या दशकाच्या अखेरीस साल्वादोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोन्ताल्वो तिथल्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन लोकांना, पदवी नसतानाही, कुटुंबोपचार शिकवत होते. वस्तीची भाषा त्यांना येत होती, शिक्षण नव्हतं. म्हणून शिक्षक एकतर्फी काचेमागे बसून सेशन पाहत आणि वेळ आली की खोलीतला फोन वाजवून सूचना देत. काचेमागून येणाऱ्या फोनमुळे शिकणाऱ्याचा स्वतःचा विचार खुंटतो, हा आक्षेप मला पटतो. पण अननुभवी माणसाच्या हाती दिलेलं कुटुंब एक मिनिटही वाऱ्यावर सोडायचं नाही, या आग्रहापुढे मी मान झुकवते. बर्लिनच्या खोल्यांतलीच जाणीव आहे ही.

आपल्याकडे ही पद्धत दोन वाटांनी आली. कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. त्यांच्यावर देखरेख करणारं कोणीच नव्हतं. ते आपलं आपण शिकले, फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला, भेट कधी झाली नाही. दुसरी वाट समाजकार्याची, आणि ती थेट मुंबईत उतरली. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गरिबांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या मागे एक अनुभवी पगारी कार्यकर्ता असे. मेरी रिचमंड यांच्यासारख्या बायकांनी त्यातून केसवर्कचं शिक्षण घडवलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1936 मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू केलं तेव्हा फील्डवर्क आणि त्यावरची देखरेख हे त्याचे कणे होते. पुढच्याच वर्षी तिथे चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघालं. हेच स्कूल पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं.

मी त्या परंपरेतली. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका कॉलेजात शिकताना सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत माझं फील्डवर्क होतं. फुलस्केप कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची नोंद, लिहायची, डावा अर्धा देखरेख करणाऱ्या मॅडमसाठी कोरा ठेवायचा. आठवड्याला आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. मॅडम उत्तरं फारशी लिहीत नसत. ‘इथे त्या रडल्या, मग तू विषय का बदललास?’ एवढंच. मला आत्ताही सेशनमध्ये कोणी रडलं की तो डावा समास दिसतो.

आणि मुंबईतल्याच आणखी एका शिक्षणाबद्दल मला अपार आदर आहे. किशोर फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार थेट त्याचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याकडून शिकला, तो पत्रांतून. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा पत्रव्यवहार दशकानुदशकं चालला. शंका इथून जायची, उत्तर न्यूयॉर्कहून यायचं. मॅक्स ग्राफ आणि फ्रॉइड एकाच शहरात होते, फडके आणि एलिस यांच्यामध्ये समुद्र होते. पुढे ते स्वतः या उपचारपद्धतीचे मान्यताप्राप्त सुपरव्हायझर झाले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी जणांनी त्यांच्याकडे धडे घेतले.

आज ब्रिटनच्या समुपदेशकांच्या संघटनेत मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावी लागते, तीही कारकीर्दभर, पांढरे केस झाले तरी. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजीच्या व्यावसायिक प्रशिक्षणात देखरेखीखालचं काम सक्तीचं आहे. पण पदव्युत्तर शिक्षण संपवून पालिकेच्या शाळेत किंवा वस्तीतल्या संस्थेत रुजू झालेल्या मुलीला विचारणारं कोणी नसतं. सुपरव्हिजन हवी तर तिनं खिशातून पैसे मोजायचे. माझ्याकडे संस्थांचे अनुदानाचे प्रस्ताव वाचायला येतात. त्यात प्रवासखर्च असतो, स्टेशनरी असते, सुपरव्हिजनची ओळ क्वचित दिसते. ती घाला असं मी प्रत्येकाला सांगते आणि ती नसेल तर माझा शेरा तिथेच असतो. जिच्यासमोर महिन्याला तीस-चाळीस पोरं येऊन बसतात, त्यांतल्या कोणाच्या घरी मारहाण आहे, कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललंय, तिला एकटीला ठेवणं म्हणजे त्या पोरांनाच एकटं ठेवणं.

शनिवारी दुपारी अशा सहा-सात जणींचा गट माझ्याकडे बसतो. पालिकेच्या शाळांतल्या मुलींकडून मी फी घेत नाही. तीन शनिवार आम्ही बालिंटच्या रीतीनं, वह्या बंद ठेवून बोलतो. चौथ्या शनिवारी नाव-गाव काढून टाकलेलं एक सेशन शब्दशः लिहून आणायचं आणि मोठ्यानं वाचायचं, कारण कोव्हनरच्या तबकड्यांनी जे दाखवलं ते आमच्या आठवणींनाही लागू आहे.