दोनशे पिशव्यांचा हिशेब

फाळणीनंतर सुरतेच्या रामनगरात वसलेले सिंधी आणि व्यापारानिमित्त स्थिरावलेले लोहाणा यांच्यात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक जास्त आढळतात, त्यामुळे हा आजार सुरतेला नवा नाही. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे तीव्र रूप, असलेल्या मुलाला साधारण वयाच्या दुसऱ्या वर्षापासून दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा होतात, आणि पंधराव्या वर्षापर्यंत दोनशेहून अधिक अनोळखी दात्यांचे रक्त त्याच्या अंगात गेलेले असते. आपल्याकडील रक्तसुरक्षेचा इतिहास मात्र एकेका पिशवीचा धोका मोजत आला. समजा, दोन हजार पिशव्यांपैकी एकीत विषाणू निसटतो. एखाद्या शस्त्रक्रियेपुरता हा धोका नगण्य वाटेल, पण या मुलांच्या बाबतीत तो दहांत एकाच्या आसपास जातो.

हेपॅटायटिस सी या विषाणूची ओळख १९८९मध्ये पटली. जपानने त्याच वर्षी, अमेरिकेने १९९०मध्ये आणि ब्रिटनने १९९१मध्ये दात्यांचे रक्त त्यासाठी तपासायला सुरुवात केली. भारतात ही चाचणी सक्तीची झाली २००१मध्ये. मधल्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८पासून बंदी आली. तो निर्णय मोलाचा होता, पण स्वेच्छेने दिलेल्या रक्तातही विषाणू असू शकतो. त्या काळात चाचणीचे किट महाग होते, देश गरीब होता, हा बचाव मी मान्य करतो. तरीही पैसा अपुरा असेल तर आधी कोणाला द्यायचे रक्त तपासायचे हे ठरवता आले असते, आणि ज्यांना जन्मभर रक्त घ्यायचे त्यांचा पहिला हक्क होता. दिरंगाईची किंमत त्याच मुलांनी मोजली, कारण थॅलेसेमियात साचणाऱ्या लोहाने यकृत आधीच जर्जर होते आणि हेपॅटायटिस सीची लागण बाहेरून सहसा दिसतही नाही.

आता सोफोस्बुव्हिरसारख्या गोळ्यांनी हेपॅटायटिस सी साधारण तीन महिन्यांत बरा होतो आणि २०१८च्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषध मोफत मिळते, मग रक्तात विषाणूचा जनुकीय अंशच शोधणाऱ्या, अधिक महागड्या नॅट चाचणीचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. पण जुनाट हेपॅटायटिस बी औषधांनी आटोक्यात राहतो, सहसा मुळापासून जात नाही. त्याची लस पहिल्या पिशवीच्या आधीच पूर्ण व्हायला हवी. शिवाय लागण होऊन ती नेहमीच्या चाचणीत दिसण्यापूर्वीचे दिवस अजूनही धोक्याचे आहेत. जुनागढमध्ये थॅलेसेमियाच्या २३ मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०११मध्ये उघड झाले, तेव्हा एचआयव्हीची तपासणी सक्तीची होऊन दोन दशके उलटली होती. हे अदृश्य दिवस नॅट चाचणीने बरेच कमी होतात, तरी ती देशभर सक्तीची नाही. सुरतेत हिरे कारखान्यांतले कामगार रांगा लावून रक्त देतात. त्यांच्या पिशवीवर कोणती चाचणी होते, हे अजूनही रक्तपेढीगणिक बदलते.